पाच गुंठ्यांची नोंदवही

२६ मे २०२५, सोमवार

काम : सोसायटीची मोकळी जागा. ठिकाण : सातारा, समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, बोगद्याकडे. क्षेत्र : ५ गुंठे, म्हणजे ५४४५ चौरस फूट. नोंद ठेवणारा : मी. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं मोजमाप पुस्तकं भरली, निवृत्तीनंतरही हात शिवशिवतो, म्हणून ही वही.

परिस्थिती अशी. मार्चमध्ये जागेच्या खालच्या भागात भराव टाकून ती सपाट केली. १४ डंपर मुरूम. जूनमध्ये त्यावर लॉन करायचं ठरलं होतं, ६८ हजारांचं कोटेशनही आलं होतं. पण मे महिन्यातच पावसानं असा धिंगाणा घातला की बी विंगच्या गच्चीतलं पाणी तिसऱ्या मजल्यावर उतरलं. लॉनचे पैसे वॉटरप्रूफिंगला गेले. आज मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी आहे, एरवी तो तिथे ११ जूनच्या आसपास पोचतो. लॉन आता दिवाळीनंतर.

तोवर जागेचं काय? चेअरमन म्हणाले, तणनाशक मारून स्वच्छ ठेवू. मी म्हणालो, एक पावसाळा काय उगवतंय ते बघू तरी. "उगवणार काय, काँग्रेस," असं म्हणून ते हसले. मी जबाबदारी मागून घेतली. ही घरी म्हणाली, "तुम्हाला घरातली एक कुंडी सांभाळता येत नाही."

फक्की मारून एकेका गुंठ्याचे पाच पट्टे पाडले. पट्टा १ गेटजवळ, पट्टा ५ कंपाउंडला लागून. १ ते ३ जुनी काळी माती, ४ आणि ५ भराव.

१५ जून, रविवार

सगळं हिरवं झालं आहे आणि मला त्यातलं काहीही ओळखता येत नाही. दोन पानं, चार पानं, सगळी सारखीच. मोबाइलमधलं झाडं ओळखणारं ॲप एकाच रोपाला सकाळी एक नाव देतं, संध्याकाळी दुसरं.

त्यातल्या त्यात पट्टा २ मधला टाकळा ओळखू आला, तोही माझ्यामुळे नाही. तळमजल्यावरच्या काकू परात घेऊन आल्या आणि कोवळी पानं खुडत बसल्या. म्हणाल्या, "लसूण घालून परतायचा. पहिल्या पावसाचाच चांगला, पुढं वास मारतो." त्यांच्या मागोमाग आणखी दोघी आल्या. दुपारपर्यंत पट्टा २ ची खुडणी अशी झाली की कुठल्याही मशीननं केली नसती. नोंद : टाकळा जूनमध्ये भाजी. जुलैमध्ये काय, ते बघायचं.

माळीमामा आठवड्यातून दोनदा येतात. गाव माण तालुक्यात, दोन एकर जिरायत. त्यांना विचारलं, यातलं तण कुठलं? ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, रान कुणाचं त्याच्यावर हाय. बाजरीत टाकळा तण, बांधाला टाकळा भाजी." मग चार रोपं पटापट उपटून दाखवली : हा कुर्डू, हा केना, हा माठ, हा आघाडा. "आमच्याकडं भांगलणीला बाया लावल्या की पहिला कुर्डू काढायचा."

म्हटलं, आपण एवढ्यात काही काढायचं नाही.

"मग मला कशाला बोलावलं?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास आहे, म्हणून काम जास्त झालं. गाजर गवत, म्हणजे चेअरमनचं ते काँग्रेस, काढलं. त्याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून शंका नव्हती. अंगाला खाज, दमेकऱ्यांना त्रास, आणि एका झाडाचं बी हजारांत. पुण्यात ते १९५० च्या दशकात पहिल्यांदा दिसलं. आयात गव्हातून आलं असं सांगतात, आणि ते काँग्रेसचे दिवस म्हणून काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं.

काढताना पानांवर पांढुरके, काळ्या रेषांचे भुंगे सापडले. पानं पार चाळणी झालेली. मुलगी कृषी विभागात आहे, तिला फोन केला. म्हणाली, "बाबा, मारू नका ते. गाजर गवत खायला मुद्दाम मेक्सिकोतून आणलेत. १९८४ मध्ये बंगळुरात सोडले, तिथून पसरले." भुंगे असलेली आठ-दहा झाडं मग तशीच ठेवली. पण भुंग्याच्या भरवशावर सगळं सोडता येत नाही. तो पानं खाऊन होईतो झाडानं फुलं काढलेली असतात.

पट्टा १ मधून ११ गोणी, पट्टा २ मधून ६, पट्टा ३ मधून ४, पट्टा ४ मधून दीड. पट्टा ५ मध्ये जवळजवळ नाहीच. जुन्या मातीत गाजर गवताचं बी वर्षानुवर्षं साठलेलं असणार. भरावाखाली ते गाडलं गेलं. मग भरावावर उगवलं आहे ते कुठलं? तिथे एक नाजूक, चिंचेच्या पानासारखं बारीक पान असलेलं काहीतरी दाट आलं आहे. मामांना त्याचं नाव येईना. म्हणाले, "आमच्याकडं न्हाई हे."

पट्टा ४ मध्ये झेंडूसारख्या चिरलेल्या पानांची पन्नासेक रोपं आहेत, जोमदार. ती मी ओळखली : सोनकी. गेल्या सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात डोंगर पिवळा झालेला पाहिला होता, तीच. त्यांना काठ्या रोवून सुतळी बांधली आणि पाटी लावली : "सोनकी. उपटू नये."

१४ जुलै, सोमवार

परवा, शनिवारी, मी डोळे तपासायला कराडला गेलो होतो. नेमकी उघडीप होती. एक माणूस पाठीवर पंप घेऊन आला आणि पट्टा १ आणि २ वर फवारून गेला. कुणी बोलावला ते कुणीच सांगत नाही. वॉचमन म्हणतो, "सोसायटीचं काम हाय म्हणाला." औषध कुठलं तर ग्लायफोसेट हे तणनाशक, डबा भिंतीशीच टाकून गेला होता. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांनीच वापरायचं असा नियम केला. या माणसाकडे परवाना तर सोडाच, पायात चप्पलही नव्हती.

अजून सगळं हिरवं दिसतं आहे. हे औषध पानातून मुळांपर्यंत उतरतं, आठवडा-दहा दिवस घेतं. फाशीची तारीख ठरलेल्या माणसासारखी झाडं उभी आहेत. भांडण करणार होतो, केलं नाही. डबा गोणीत बांधून ठेवला. या वहीत लिहिलं, एवढंच.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावणातला पहिला शुक्रवार. सकाळी सातला खाली गलका. काकू, दोन वहिनी आणि चेअरमनच्या आई. जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते आणि दरवर्षी त्या गेटजवळूनच आघाडा नेतात. पट्टा १ पिवळा पडून आडवा झाला होता.

चेअरमनच्या आईंचं वय ८२. त्यांनी काठीनं एक वाळका आघाडा उलटा केला आणि वर बाल्कनीकडे बघून मोठ्यानं विचारलं, "हे कुणी जाळलं रे?"

बाल्कनीचं दार आतून लागलं.

पट्टा ३ च्या कडेला आघाडा सापडला, दूर्वाही तिथल्याच. संध्याकाळी चेअरमन माझ्याकडे आले, चहा घेतला, पावसाबद्दल बोलले आणि जाताना म्हणाले, "तुमचं चालू दे दिवाळीपर्यंत." फवारणीचा विषय दोघांनीही काढला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस पट्टा ५ चा. चिंचेसारख्या पानाचं ते कोडं फुललं. पिवळं फूल, नखाएवढं, वरच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके. पोरांनी बघताक्षणी ओरडून सांगितलं, "मिकी माऊस!" कासच्या पठारावर फुलं बघून आलेल्या प्रत्येक पोराला हे माहीत असतं. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेले एक सर आमच्या ओळखीचे, त्यांना बोलावलं. गुडघ्यावर बसून त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "कवला. स्मिथिया. तुमच्या कंपाउंडात हा आलाच कसा?"

कवला शेंगवर्गातला. त्यांनी एक रोप मुळासकट उपटून गाठी दाखवल्या. हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू त्यात असतात, म्हणून उघड्या मुरमावरही हा जगतो. कोकणात याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. हे ऐकताच काकूंचे डोळे चमकले. मी हात जोडून या वर्षी नको म्हणून सांगितलं.

सरांनी पाऊण तासात बावीस नावं सांगितली. सगळी उतरवली, पण इथे सगळी देत नाही. तुंबा, केना, विष्णुक्रांता, पुनर्नवा हे सगळे इथले. दगडी पाला मात्र अमेरिकेकडचा, आणि लहानपणी जखमेवर चोळायचो ते हेच. मला धक्का बसला. माझ्या गुडघ्यावरच्या सगळ्या जखमा परदेशी पाल्यानं बऱ्या झालेल्या. सर म्हणाले, "इथला म्हणजे चांगला आणि बाहेरचा म्हणजे वाईट, असं एवढं सोपं असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?"

ते पट्टा ४ मधली माझी सोनकी बघणार होते, पण पाऊस आला आणि ते गेले. जाताना पाटीकडे एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी आवर्जून सांगितली. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारं एक फूल आहे, वायतुरा. अपोनोजेटॉन सातारेन्सिस. कासच्या पठारावर साचलेल्या पाण्यात येतं. पन्नास वर्षं साताऱ्यात राहून मला हे माहीत नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

मुरूम कुठला, हे शोधायचं डोक्यात बसलं होतं. मामांनी डंपरवाल्याला गाठलं. कास रस्त्याला, यवतेश्वरच्या अलीकडे, एका प्लॉटिंगच्या कामावरचा. स्कूटरवर गेलो.

डोंगराच्या उताराला पायऱ्या पाडल्या आहेत. चुन्याच्या रेषा, कोपऱ्यांवर दगड, एका झेंड्यावर फोन नंबर. कापलेल्या दरडीचा छेद समोर उभा होता. अशा छेदांची मी हयातभर मोजणी केली, पण वरच्या थराकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. हिशोबात तो थर "अनुपयुक्त माती, काढून टाकणे" एवढाच असतो. इथे तो वीतभर होता, तांबूस काळा, मुळांनी विणलेला. खाली सगळा कोरडा मुरूम. मशीन आधी वरची माती बाजूला लोटतं, मग मुरूम भरतं आणि शेवटी लोटलेली माती झाडून शेवटच्या डंपरांत घालतं. आमच्याकडचे शेवटचे तीन डंपर रंगानं वेगळे होते, हे आत्ता आठवलं. ते पट्टा ५ वर रिकामे झाले होते.

म्हणजे कवला आमच्याकडे आपणहून आलाच नाही. त्याचं घर मोडलं आणि मोडलेल्या घराची माती आम्ही विकत घेतली.

न कापलेल्या कडेला कवला होता, आभाळी होती आणि कळ्यांवर आलेलं एक झुडूप होतं : पान साधं, लांबट, कडेला दाते. तिथल्या गुराख्याला विचारलं, हे काय? "सोनकी की."

मी पुन्हा पान बघितलं. साधं पान. चिरलेलं नाही.

परतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या पुणे-मुंबईच्या, कासकडे निघालेल्या. हंगाम अजून नीट सुरूही झालेला नाही. २०१२ मध्ये कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून हा रस्ता असाच. इथून पुढे जेमतेम वीस किलोमीटरवर जी फुलं बघायला तिकीट काढायचं, तीच इथे जेसीबीखाली. यावर बोलावं तेवढं थोडं, पण माझं काम पाच गुंठ्यांचं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आवाहन. आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी, पण ए विंगमध्ये जावळीकडचं एक घर आहे, त्यांची तेरड्याची गौर असते. दरवर्षी मंडईतून जुडी आणतात. यंदा वहिनी पट्टा ३ मध्ये आल्या, जिथे कंपाउंडच्या सावलीला रानतेरडा गुलाबी फुलांनी भरला आहे. मुळासकट लागतो म्हणून सात रोपं दिली. आई म्हणायची, तेरड्याचा रंग तीन दिवस. हा तीन आठवडे झाला फुलतो आहे. गौरीच तीन दिवसांनी जाते, रंग जात नाही.

मुलांना तेरड्याचा नाद लागला आहे. पिकलेलं बोंड बोटात धरलं की फटकन फुटतं आणि बी उडतं. शाळेतून आल्यावर दप्तरासकट पट्टा ३. पेरणी फुकट होते आहे. ऋषिपंचमीच्या भाजीलाही माठ इथलाच गेला, नांगर न लागलेल्या जमिनीतला, म्हणून जास्त शास्त्रोक्त!

फवारलेल्या पट्ट्यांची स्थिती : पट्टा १ मध्ये पहिलं परत कोण आलं? गाजर गवत. दुसरा लव्हाळा, त्याच्या गाठी जमिनीखाली सुरक्षित होत्या. आघाडा, केना, तुंबा यांचा पत्ता नाही. जमीन उघडी पडली की आधी तेच येतात ज्यांना आपण घालवायला निघालो होतो. हे लिहून चेअरमनना दाखवायचा विचार होता. त्यांच्या आईंनी आधीच दाखवलं आहे असं समजलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज लाजेची नोंद.

माझी "सोनकी" फुलली. उंची छातीएवढी, फुलं नारिंगी-पिवळी, झगमगीत, आणि सगळी सोसायटी खाली. सेल्फी. कुणीतरी रील केलं. चेअरमन पहिल्यांदाच मनापासून म्हणाले, "हे बरं केलंत."

सर आले. त्यांनी पाटी वाचली, फूल बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॉसमॉस. मेक्सिकोचा. हायवेच्या कडेनं आणि डोंगरांच्या उतारांवर पसरत चाललेला आणि जिथे जाईल तिथल्या गवत-फुलांना झाकणारा. त्याचं बी आमच्याकडे मुरमातून आलं की गेल्या वर्षी कुणाच्या कुंडीतून, सांगता येत नाही. सुतळी मात्र मी बांधली होती.

गाजर गवत मेक्सिकोकडचं, त्याला खाणारा भुंगा मेक्सिकोचा, कॉसमॉस मेक्सिकोचा. आणि ज्या लॉनसाठी ६८ हजार मोजणार होतो त्याला नर्सरीत मेक्सिकन लॉन म्हणतात. ते गवत मात्र आशियातलंच. एकटं तेवढं मेक्सिकोचं नाही.

मामा शेजारी उभे होते. जूनपासून मी त्यांना गाजर गवताशिवाय काही काढू देत नव्हतो आणि ते गुमान पाणी घालत होते. त्यांनी कॉसमॉसचं एक सुकलेलं फूल तोडलं आणि तळहातावर चोळलं. काळं, सुईसारखं लांबट बी. वीस-पंचवीस. मग झाडावरची फुलं बोटानं हवेत मोजली. "सायेब, तुम्ही फूल बघता. आमी बी बघतो. फूल कुणाचंबी ग्वाडच दिसतं."

रात्री वही उलगडून पहिल्यापासून वाचली. प्रत्येक पानावर मी रंग, उंची, पाकळ्या लिहिल्या आहेत. किती बी, कधी गळतं, कुठवर जातं, यातली एकही नोंद नाही. मोजमाप चुकीच्या बाजूनं चाललं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावस्या

आठवडाभर बी मोजलं. कुर्डूच्या एका तुऱ्यातून कागदावर झटकलं : काळं, चकचकीत, खसखशीपेक्षा थोडं मोठं. ४०० पर्यंत मोजून सोडलं, तुरा अर्धाही झाला नव्हता. एका झाडाला नऊ तुरे. कवल्याच्या शेंगेत बी थोडं, आणि पडतं ते बुडाशीच. तेरड्याचं चार-पाच फूट उडतं, पट्टा ओलांडत नाही. टाकळ्याच्या शेंगा लांब, भरपूर बी, आणि कठीण कवचाचं ते वर्षानुवर्षं जमिनीत दम धरून राहतं. टाकळ्याच्या पानावर हिरव्या अळ्या दिसल्या, त्यांची पुढे पिवळी फुलपाखरं होतात, ती पट्टा २ वर भिरभिरत असतात. म्हणजे टाकळा सगळा काढायचा नाही. शेंग वाळायच्या आत निम्मा कापायचा.

दुपारी बैठक. विषय एकच, कॉसमॉस. मी काढायचा म्हणालो आणि सगळी सोसायटी अंगावर आली. "चार महिने जपलं तुम्हीच, पाटी तुम्हीच लावलीत." "दसऱ्याला फुलं होतील." "ते कुर्डू काढा की, ते दिसतं भिकार." मी कुर्डू इथला आहे असं सांगितलं तर मामाच उलटले. "कुर्डू ठिवायचं? आमच्या आईचे हात गेले कुर्डू भांगलून!" माझा एकुलता एक पाठीराखा असा फुटला.

शेवटी ठरलं ते असं : कॉसमॉसची फुलं दसऱ्यापर्यंत खुशाल तोडा, जेवढी तोडाल तेवढं बरं, पण एकही फूल झाडावर सुकू द्यायचं नाही. दसरा झाला की मुळासकट. कुर्डू कंपाउंडकडच्या एका ओळीत ठेवायचा, बाकी काढायचा. त्या ओळीवर मनोली पक्ष्यांचा थवा सकाळी बी खायला येतो, आणि मामांचं रान माणमध्ये आहे, इथून बी तिथवर जात नाही. यावर मामा म्हणाले, "माझ्या पायाला चिकटून गेलं म्हंजी?" आणि ते गमतीनं म्हणाले नव्हते. आता जाताना चपला झाडून जातात.

५ ऑक्टोबर, रविवार

पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. कॉसमॉस गुरुवारी संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर, काढला. १९ भारे. पोरं हिरमुसली.

दोन इथल्यांचा निकाल बाकी होता. कळलावी : पट्टा ४ च्या कुंपणावर पानांच्या टोकांनी धरून चढली, जुलै-ऑगस्टमध्ये लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलली. बघत राहावं असं फूल. पण कंद जीवघेणा विषारी, आणि खाली तीन वर्षांची पोरं माती उकरतात. पंधरा दिवस निर्णय लांबवला. शेवटी कंद खणून काढले, हातमोजे घालून. सरांनी ते त्यांच्या शेताच्या बांधाला लावायला नेले.

खाजकुइलीचा निर्णय मात्र पाच मिनिटांचा. पट्टा ३ च्या कोपऱ्यात जांभळ्या फुलांचे घोस लोंबत होते, काकूंना पावट्याचा वेल वाटला होता. मामांनी लांबूनच ओळखला. शेंगांवरची कुसळं अजून तयार नव्हती म्हणून वाचलो. इथलीच आहे, औषधीही आहे. मुळासकट काढली.

९ नोव्हेंबर, रविवार

गेला आठवडा कापणीचा. ब्रश कटर नको म्हटलं, विळ्यानं कापलं, चार बोटं बुंधा ठेवून. कवल्याच्या शेंगा गळून गेल्यावरच पट्टा ५ ला हात लावला. त्यासाठी मामांना दोन वेळा परत पाठवलं, मजुरी दिली. कापलेलं गवत तिथेच चार दिवस पसरून ठेवलं, उरलंसुरलं बी झडावं म्हणून, आणि मग एक गवळी घेऊन गेला. कासला कुंपण घातल्यावर चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी चर्चा साताऱ्यात बरीच झाली होती, पुढे कुंपण काढलंही. नुसतं राखून चालत नाही, कुणीतरी खायला किंवा कापायला लागतं. आमच्याकडे गुरं नाहीत, विळा आहे.

आज लॉनचा विषय निघाला. चेअरमनच म्हणाले, "पोरांना खेळायला काहीतरी हिरवं पाहिजे, एवढंच." पट्टा ३ च्या मधल्या भागात क्रिकेटमुळे बाकी सगळं तुडवलं गेलं आणि हरळी तेवढी दाट पसरली आहे. तीच दर पंधरा दिवसांनी बुटकी कापली तर लॉनच. वर गणपतीला दूर्वा. खर्च शून्य. ठराव मंजूर.

मामांना सांगितलं, पट्टा ३ मध्ये हरळी वाढवायची आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. "हराळी? अन् मुद्दाम? आमच्या बानं हराळीपायी रान दोनदा नांगरलं." आणि मग हसायला लागले ते थांबेचनात. बसून हसले.

पुढच्या वर्षासाठी :

पट्टा १, गाजर गवत फुलायच्या आत तीनदा उपटणे. जूनमध्ये तेरडा टाकणे, बी दोन पाकिटं, माझ्या कपाटात. आघाडा आपणहून येतो का बघणे, नाही आला तर पट्टा ३ मधून दोन रोपं हलवणे, श्रावणाच्या आधी, नाहीतर चेअरमनच्या आईंना तोंड कसं दाखवायचं.

पट्टा २, टाकळा जूनमध्ये काकूंच्या ताब्यात, सप्टेंबरात निम्मा कापणे.

पट्टा ४, कॉसमॉस दोन पानांवर असतानाच. चिरलेलं पान, झेंडूचा वास नाही. पाटी काढली, काठ्या ठेवल्या आहेत.

पट्टा ५, काही करायचं नाही. तिथून गाडी वळवू नये म्हणून चार दगड लावणे.

भराव पुन्हा लागला तर मुरूम कुठला ते आधी विचारणे.

आणि मे महिन्याच्या २० तारखेच्या आत पंपवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगणे. नंबर वॉचमनकडे आहे.